तुळशीवृंदावनाची कावी पुन्हा करताना: कामाच्या नोंदी

१५ सप्टेंबर

पाच दिवसांचा गणपती पोचवून झाला. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, लाकडी चौकट पोटमाळ्यावर टाकायला बाहेर काढली आणि तिचा कोपरा वृंदावनाला लागला. रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा सुटला. वर गुलाबी ऑइल पेंट, खाली आकाशी, त्याखाली हिरवा, मग चुन्याचे कितीतरी पांढरे थर, आणि सगळ्यात खाली तांबडं-पांढरं नक्षीकाम, पांढऱ्या गिलाव्यावर लाल थर चढवून तो ओला असतानाच खरवडून काढलेलं. कावी. आमच्या अंगणात कावी आहे हे मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

वृंदावन चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, चार फूट उंच. चौथरा अडीच फूट चौरस. प्रत्येक बाजूला एक देवळी आणि देवळीवर हातभर रुंद पट्टा. पट्ट्यात नक्षी असणार. पूर्वेला उभी भेग गेली आहे, ती तर बुजवावीच लागणार.

काकांचं मत ऐकून घेतलं. "रस्त्यावर तयार मिळतं सिमेंटचं, सात हजारांत. दोन माणसं आणून ठेवतात. तुळस काय, दुधाच्या डब्यातही वाढते." बरोबर आहे. पण हेच काका माटोळीसाठी आठ दिवस रान तुडवतात. कवंडळं, घागऱ्या, सुपारीची शिपटी, तोरंजन आणून बांधतात, आणि कवंडळ काही कोणी खात नाही. त्यांना "कशाला?" असं घरात कधी कोणी विचारलेलं नाही.

तुळशीचं लग्न १३ नोव्हेंबरला. दोन महिने आहेत. मी ड्राफ्ट्समन, गवंडीकाम कधी केलेलं नाही. पुढे कोणाला हेच करायचं झालं तर उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतो.

१८ सप्टेंबर

पहिली चूक, ४८० रुपयांची. हार्डवेअरच्या दुकानातून चुन्याची तयार भुकटी आणली. पिशवीचा कोपरा आधीच फाटलेला होता. पाण्यात कालवली, कौलाच्या तुकड्यावर थापली, तीन दिवस ठेवली. नखाने खरवडली तर खडूसारखी पडते. चुना हवा खाऊन मेलेला. असा चुना झाडांच्या बुंध्यांना लावायला ठीक, गिलाव्याला नाही.

जुन्या लोकांचा चुना शिंपल्या भाजून केलेला असे. तिसऱ्या, खुबे, जे किनाऱ्यावर सापडेल ते. तो मला मिळाला नाही. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे कोरडे खडे मिळतात, त्यावर भागवतो.

२२ सप्टेंबर

४० किलो कळी, १,००० रुपये. विरवताना, म्हणजे खडे पाण्यात फोडताना, पाळायच्या गोष्टी, सगळ्या अनुभवातून:

प्लास्टिकची बादली वापरू नका. माझी पाच मिनिटांत मऊ पडून एका बाजूला बसली आणि चुना अंगणभर. पत्र्याचं अर्धं पिंप घ्या. पिंपात आधी पाणी, मग त्यात एकेक खडा. खड्यांवर पाणी ओतलंत तर ते अंगावर उडतं. गॉगल हवाच. मी चष्म्यावर भागवलं, भुवईजवळ एक थेंब पडला, अजून डाग आहे.

उकळी थांबल्यावर मच्छरदाणीच्या जाळीतून गाळला. वर दोन बोटं पाणी ठेवून झाकला. निदान दोन आठवडे हात लावायचा नाही.

गुळाचं पाणी घालतात हे ठाऊक होतं. मी उत्साहात माडाचा काळा गूळ घातला. तो आईने दिवाळीच्या फोवांसाठी (पोह्यांसाठी) ठेवला होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

२८ सप्टेंबर

सगळ्यात मोठी चूक आज झाली. पैशात ६१० रुपयांची, पण पैशाचं दुःख नाही.

ऑइल पेंट थापीने निघेना म्हणून रंग काढायचं रसायन आणलं. दक्षिण आणि पश्चिम बाजूला फार काही शिल्लक नव्हतं, तिथे छान चाललं. त्या जोरावर उत्तरेला गेलो. तिथे नक्षी जवळजवळ पूर्ण होती. रसायन लावलं, दहा मिनिटं थांबलो, खरवडलं. पेंटबरोबर चुन्याचे थर सुटले आणि त्यांच्याबरोबर एका फुलाचा अर्धा भागही आला. हातातल्या पापुद्र्याच्या पाठीवर तीन पाकळ्या उलट्या उमटलेल्या होत्या. उचलायला गेलो तर भुगा.

उरलेलं गरम पाण्याचं फडकं, बांबूची चिपट आणि जुना टूथब्रश घेऊन काढलं. एक वीत पट्ट्याला दीड तास. पहिल्यापासून असंच करायला हवं होतं. आणि खरवडण्याआधी प्रत्येक फुलाचा फोटो काढा. मी काढला नव्हता.

५ ऑक्टोबर

पाऊस अजून पडतोच आहे. वर ताडपत्री बांधून नुसती मोजमापं घेतली.

प्रत्येक बाजूला चार फुलं, म्हणजे एकूण सोळा. पूर्वेची भेगेत गेली. तरी दक्षिणेला दोन आणि पश्चिमेला एक, कडा ओळखू येण्याइतकी आहेत. सगळी कंपासने काढलेली, मध्यभागी टोक रुतल्याचा बारीक खड्डा अजून दिसतो. वर्तुळ काढायचं, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर टोक फिरवत न्यायचं, सहा पाकळ्या आपोआप पडतात. शाळेत आपण सगळ्यांनी वहीच्या मागच्या पानावर काढलेलं फूल.

माझ्यामुळे अर्धं गेलेलं फूलही तसंच काढायला घेतलं, आणि पाकळ्या बसेनात. उरलेल्या चार पाकळ्यांवर कंपास ठेवला की दुसरी पाकळी चुकते, तिसरी आणखी चुकते. मला वाटलं झीज झाली असेल. लेक दहावीत आहे, ती कोनमापक घेऊन आली. दोन पाकळ्यांमध्ये साठ अंश यायला हवेत, तिला एक्कावन-बावन्न मिळाले. तीनदा मोजलं. तीनशे साठ भागिले सात, एक्कावन पूर्णांक चार.

ओळखू येणारी बाकीची सगळी फुलं सहा पाकळ्यांची आणि हे एक सातचं.

हे चुकून होत नाही. कंपास सहाच देतो, सात मागितले तर त्याला देता येत नाहीत. सातासाठी हात थांबवून वेगळं काहीतरी करावं लागतं, आणि तेही ओल्या गिलाव्यावर, जिथे वेळ नसतो. कोणी केलं, कधी, का, हे घरात कोणालाच माहीत नाही. आईला विचारलं, आजी या बाजूला काही विशेष करायची का? "पणती त्याच बाजूला लावायची. तिकडे वारा कमी."

१२ ऑक्टोबर, दसरा

पूर्वेच्या भेगेत कोणीतरी कधीतरी सिमेंट भरलं होतं. तीच भेगेची खरी मुळी. चिरा पाणी पितो आणि सोडतो, सिमेंट त्याला सोडू देत नाही, मग पाणी दुसरीकडून वाट काढतं. छिन्नीने सिमेंट सगळं काढलं, दिवस गेला. पेढ्यांसकट सगळं चुन्यात माखलं.

भेगेत चिऱ्याच्या चिपा आणि चुना. मग उत्तरेचा जुना भाग सोडून बाकी सगळीकडे पहिला जाड थर: एक भाग चुना, अडीच भाग रेती. नदीची रेती पाच पोती, ६५० रुपये, तीही ओळखीने.

१४ ते १७ ऑक्टोबर

जाड थर मुरेपर्यंत मंगळुरी कौलांवर नमुने करत बसलो. नऊ कौलं. फसलेल्यांची हकिगत:

कौल १. बाजारातला गेरू, २६० रुपये. लावला तेव्हा झकास तांबडा. सकाळी पाहतो तर फिकट जांभळा, लहान मुलांच्या औषधासारखा. गेरूत रंगाची भेसळ होती आणि चुन्याने ती खाऊन टाकली. खरी तांबडी माती म्हणजे लोखंडाचा गंज, तिला चुना काही करत नाही. विकत घेण्याआधी चमचाभर पूड चुन्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून बघा.

कौल २ आणि ३. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहून तांबडी माती विकत घ्यायची म्हणजे कहरच. इथल्या लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या त्या काळात आई दिवसातून दोनदा या वृंदावनावरची तांबडी धूळ पुसायची. म्हणून घरामागची माती धुऊन, गाळून वापरली. रंग विटकरी, शिवाय चिकणमाती इतकी की वाळताना जाळीसारख्या भेगा पडल्या.

कौल ५. रेती कमी पडेल म्हणून किनाऱ्यावरची बारीक वाळू चार वेळा धुऊन घेतली. तिसऱ्या दिवशी पांढरा लोणा. चार वेळा धुऊनही मीठ गेलं नव्हतं.

कौल ६. जमिनीच्या कोब्याला वापरतात तो लाल ऑक्साइड, चार किलो, ७२० रुपये. रंग पक्का. पण मी चुन्याच्या पाचव्या हिश्शाएवढा घातला होता, वाळल्यावर बोट फिरवलं की बोट लाल. दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नका.

पूर्वी ही पूड हुरमुंजी म्हणून मिळायची. इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटाची माती, म्हणून हुरमुंजी. म्हणजे खाली चुना इथल्या शिंपल्यांचा आणि वर रंग समुद्रापलीकडचा. तेवढी यातायात करून गावोगावी देवळांच्या भिंतींवर वेली आणि हंस काढले. मोरजीला मोरजाईच्या देवळात अजून बघायला मिळतात. खाली कर्नाटकाच्या किनारपट्टीवर होन्नावरच्या कृष्णानंद कामतांनी गावोगाव फिरून या कलेची नोंद केली. त्यांनी नोंदवलेली पद्धत नसती तर माझी नऊची नव्वद कौलं झाली असती. पुष्कळ देवळं मात्र जीर्णोद्धारात गेली. ग्रॅनाइट आलं, टाइल्स आल्या. देवळं जास्त मजबूत झाली, स्वच्छही झाली, हे कबूल करतो.

२० ऑक्टोबर

हताश होऊन मेस्तांना, म्हणजे ओळखीच्या जुन्या कारागिराला बोलावलं. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी स्वतः कावी कधी केलेली नाही, वडील करायचे आणि हे पोरवयात चुना कुटायला असायचे. माझी कौलं त्यांनी ओळीने पाहिली. पाचव्या कौलाला जीभ लावून थुंकले.

त्यांना सगळं आठवत नव्हतं, पण जे आठवलं ते सोन्याचं. पांढरा बारीक थर आणि लाल थर एकाच दिवशी. पांढरा पाणी सोडायचा थांबला की लाल चढवायचा, भाकरीच्या पापुद्र्याएवढा पातळ. मग थांबायचं. "बोट लावून बघा. बोट उमटलं पाहिजे, पण बोटाला लाल लागता कामा नये. लागलं तर घाई झाली. उमटलं नाही तर उशीर झाला. मधला वेळ तुमचा."

मी घड्याळ लावू का विचारलं. ते हसले नाहीत, नुसते बघत राहिले.

२६ ऑक्टोबर

दक्षिण बाजू. वाया.

सकाळी नऊला पांढरा, साडेअकराला लाल. ऑक्टोबरचं ऊन आणि वारा. बोट लावून बघेपर्यंत कडेचा लाल कोरडा ठणठणीत आणि मधला ओला. मध्ये कोरायला गेलो की चिखल, कडेला गेलो की टवके. दोन फुलं झाली आणि थांबलो. मेस्त म्हणाले, काढा. सगळं खरवडून काढायला वीस मिनिटं लागली, करायला पाच तास.

हत्याराचंही चुकलं होतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जाड, ते लाल कापत नाही, ढकलतं. छत्रीची काडी ठोकून केलेला काटा रेषेला चांगला, पण पाकळीचं पोट खरवडायला कमकुवत. शेवटी आरीच्या पात्याचा तुकडा दगडावर तिरका घासून घेतला, एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला धार. त्याने पुढचं सगळं काम झालं. खर्च शून्य.

संध्याकाळी काका पायरीवर बसून म्हणाले, "कोणासाठी एवढं?" मी वैतागलेलो होतो, उत्तर दिलं नाही. पंपाची खोली दिसत होती समोर. आजोबांनी एकाच साली, एकाच खाणीच्या चिऱ्यांत दोन्ही बांधली. खोलीचा गिलावा कधीच गळून गेला, चिरे पोकळ झाले, कोणाचं लक्ष नाही. वृंदावनाला मात्र दर वर्षी लग्नाआधी चुना, मग रंग, आणखी रंग. गुलाबी ऑइल पेंट का असेना.

मग काकांनीच विषय बदलला. निवृत्त शिक्षक, त्यांना सनावळ्या मुखपाठ. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढलं होतं, ख्रिस्ती झालेल्यांनी घरात, परसात, कुठेही तुळस लावायची नाही, असेल ती उपटायची. "एका रोपट्यावर फर्मान!" आणि लगेच स्वतःच दुरुस्ती: आपली डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती, ती नव्या काबिजादीतली, पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या मुलखातली. म्हणजे आपल्याला त्याचा त्रास झाला असं सांगत फिरू नकोस.

३० ऑक्टोबर

काम नाही. हाताखालची तिन्ही पोरं नरकासुराचा पुतळा करण्यात. वाड्यावरचा नरकासुर यंदा वीस फुटी, महिनाभर रात्री जागून केलाय, नखंसुद्धा एकेक रंगवलीत. पहाटे जाळणार. चुना कालवायला कोणी येईना म्हणून मीही जाऊन नखं रंगवत बसलो.

२ नोव्हेंबर

दक्षिण बाजू पुन्हा, यावेळी दुपारी तीनला सुरुवात. चारही बाजूंनी ओली गोणपाटं टांगली, जाड थर आदल्या रात्रीपासून भिजवत ठेवला. आधी फुलांची मापं एका पट्टीवर खुणा करून घेतली, गिलाव्यासमोर उभं राहून विचार करायला नको.

साडेपाचला बोट उमटलं आणि कोरडं निघालं. चाळीस-पन्नास मिनिटं मिळाली. मेस्त रेषा मारत गेले, मी पोटं खरवडत गेलो. काट्याखालून लाल साल सुटते तिचा बारीक आवाज येतो, ओल्या खोबऱ्यावर सुरी फिरवल्यासारखा. आवाज खरखरीत झाला की थांबायचं. शेवटचं फूल टॉर्चच्या उजेडात झालं आणि ते वाकडं आहे. राहू दिलं.

३ तारखेला पश्चिम, ४ ला पूर्व. दोन्ही बऱ्या. पूर्वेला भेगेच्या रेषेत केसाएवढी चीर परत आली, ओल्या गोट्याने घोटून दाबली.

९ नोव्हेंबर

उत्तर बाजू. जुन्या चार पाकळ्या ठेवायच्या आणि तीन नव्या भरायच्या.

सात भाग कसे पाडायचे यावर लेकीने रात्री जागून शोध लावला: वर्तुळात कंपासने सहा खुणा करायच्या, एकाआड एक जोडून त्रिकोण काढायचा, आणि त्या त्रिकोणाच्या बाजूचं अर्धं माप कंपासात धरून परिघावर चालवायचं. सात वेळा चाललं की जवळजवळ जिथून निघालो तिथेच. आमच्या नऊ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर शेवटी एक-सव्वा मिलिमीटर उरतो. ती उड्या मारत होती.

मेस्तांनी ऐकून घेतलं. मग खिशातून सुतळी काढली, वर्तुळावर गुंडाळली, तोडली, हातात तिच्या सात घड्या घातल्या. दोघांच्या खुणा एकमेकींवर बसल्या.

जुन्या माणसाने काय वापरलं असेल? तसा मिलिमीटर जुन्या फुलात राहिलाय का ते भिंगाने पाहिलं. पाहणार कशात, ज्या पाकळ्यांमध्ये तो असता त्याच मी खरवडल्या.

नवा लाल जुन्यापेक्षा भडक आहे, जोड स्पष्ट दिसतो. मेस्त म्हणाले, रंगात चिमूटभर काजळी घालून मिळवता येईल. मीच नको म्हटलं. तीन पाकळ्या माझ्या खात्यातल्या आहेत.

१३ नोव्हेंबर

लग्न. ऊस, दिंडा, आवळ्याची आणि चिंचेची डहाळी. ओला चुना अजून पूर्ण मुरलेला नाही म्हणून मी वृंदावनाभोवती दोरी बांधली होती. आईने ती सोडून उसाला गुंडाळली. हळद-कुंकू थेट नव्या लालावर. भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना मी कुंकवाचे डाग मोजत होतो.

शेजारच्या वहिनी आरतीनंतर उत्तर बाजूपाशी उभ्या राहून बोटाने पाकळ्या मोजत होत्या. दोनदा मोजल्या. मला काही विचारलं नाही, नवऱ्याला हाक मारून आणलं आणि त्यांना मोजायला लावल्या.

१९ नोव्हेंबर

हिशेब: वाया गेलेला चुना ४८०, कळी १,०००, वाया गेरू २६०, ऑक्साइड ७२०, रेती ६५०, गूळ ३४० (माडाचा, भरून द्यावा लागला), रंग काढायचं रसायन ६१०, चाळण्या-हातमोजे-गॉगल ८९०, मेस्तांचे पाच दिवस ५,५००. एकूण १०,४५०. त्यातले १,३५० निव्वळ अक्कलखाती. माझे सुट्टीचे एकोणीस दिवस धरलेले नाहीत. तयार वृंदावन सात हजारांत येत होतं, हे काकांनी आकडा ऐकून पुन्हा सांगितलं.

आजची स्थिती: पश्चिमेच्या तिसऱ्या फुलाची एक कड उचलली आहे, तिथे पांढरा थर जास्त वाळल्यावर लाल चढवला होता. पूर्वेची चीर तशीच, वाढलेली नाही. कुंकवाचे डाग निघत नाहीत.

चुना अर्धं पिंप उरलाय, लाल दीड किलो. वहिनींकडून सकाळी निरोप आला, त्यांच्याही वृंदावनावर हिरव्या रंगाखाली काहीतरी उंचसखल लागतं, बघायला येता का. संध्याकाळी जातोय. टूथब्रश आणि बांबूची चिपट घेतली आहे, आणि मोबाइल आधी चार्ज करून.